न आलेल्या रुग्णांची जबाबदारी

मित्रहो, दवाखाना उत्तम चालवणारा डॉक्टर आरोग्य केंद्राचा वैद्यकीय प्रमुख म्हणूनही उत्तम ठरेल, असं आपण गृहीत धरतो. ते अर्धंच खरं आहे. माणूस ओळखणं, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, आठवड्याने पुन्हा बोलावून तो तपासणं या फॅमिली डॉक्टरच्या सवयी खुर्चीतही उपयोगी पडतात. पण दवाखान्यात जो समोर येऊन बसतो त्याची जबाबदारी असते. प्रमुखावर न आलेल्यांचीही असते. हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो.

ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी तो फार लवकर ओळखला. वेल्समधल्या ग्लिनकॉरुग या खाणकामगारांच्या गावात ते फॅमिली डॉक्टर होते. उच्च रक्तदाबाचा सहसा त्रास होत नाही, त्यामुळे अशा माणसाला डॉक्टरकडे जायचं कारणच नसतं. म्हणून हार्ट यांनी अख्ख्या गावातल्या प्रौढांचा रक्तदाब मोजायला घेतला. एखादा खोकल्यासाठी आला तरी त्याच्या दंडाला पट्टा लागायचा, आणि जे आलेच नाहीत त्यांना शोधलं जायचं. १९७१ साली त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेलं सूत्र आजही उद्धृत होतं: चांगली वैद्यकीय सेवा जिथे जास्त हवी, तिथेच ती कमी मिळते.

आता हेच आकड्यांत बघू. समजा, केंद्राच्या यादीवर मधुमेहाचे ४०० रुग्ण आहेत. वर्षभरात ३१० आले, त्यांतल्या २५० जणांची साखर आटोक्यात आहे. अहवालात लिहिलं जातं २५० भागिले ३१०, म्हणजे ८१ टक्के. सगळे खूश. पण भागायचं ४०० ने. मग उरतात साडेबासष्ट टक्के, आणि सगळ्यात जास्त धोका बहुधा त्या न आलेल्या नव्वदांतच दडलेला असतो. नव्या प्रमुखाने कुठलाही टक्का ऐकला की आधी विचारावं, खाली कोणता आकडा धरलाय?

त्या नव्वदांना लगेच फोन लावायला बसू नये. आधी यादी साफ करायची: कोण वारले, कोण गाव सोडून गेले, कोण दुसरीकडे उपचार घेतात. हे राहिलं तर मृताच्या घरी तपासणीचं स्मरणपत्र जातं, आणि त्या घराचा विश्वास परत मिळवणं महाकठीण. नंतर उरलेल्यांपैकी आठवड्याला दहाजणांनाच बोलवायचं. फोन त्यांच्या ओळखीच्या परिचारिकेने करायचा, कामावरची माणसं घरी येतात त्या वेळेला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन करण्याआधी त्या दहाजणांसाठी वेळा राखून ठेवायच्या. मोहिमा बुडतात त्या इथेच. माणूस मोठ्या मनाने येतो, दोन तास ताटकळतो आणि पुन्हा कधी फिरकत नाही.

दुसरी फट तपासणीच्या रिपोर्टची. नमुना घेतला, गेला, रिपोर्ट आला, डॉक्टरने पाहिला, रुग्णाला कळवलं, पुढचं ठरवून नोंदवलं, असे सहा टप्पे. धागा बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये तुटतो: रिपोर्ट ज्या डॉक्टरच्या नावावर आला तो रजेवर. चूक कुणा एकाची नसते, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होते. उपाय साधा आहे. प्रत्येक रिपोर्टला एक जबाबदार नाव आणि रजेत बघणारं दुसरं नाव, शिवाय न पाहिलेल्या रिपोर्टांची यादी रोज एकाच ठरलेल्या माणसाच्या हातात. 'फोन आला नाही तर सगळं ठीक समजा' हे वाक्य काउंटरवर कायमचं बंद करावं. हरवलेला रिपोर्ट आणि नॉर्मल रिपोर्ट रुग्णाला सारखाच शांत वाटतो.

ड्युटीचा तक्ता लावताना प्रमुख मोकळ्या वेळा मोजतो, आणि तोच रुग्ण त्याच डॉक्टरकडे जाईल का हे बघायचं राहून जातं. नॉर्वेतल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एकाच डॉक्टरशी पंधरा वर्षांहून जास्त नातं असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचंच नातं असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळलं. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण तक्ता लावणाऱ्याने ते डोळ्यांआड करू नये.

सहकाऱ्यांचं काय? कालचा मित्र आज हाताखाली येतो, आणि अँटिबायोटिक्स सगळ्यात जास्त तोच लिहितो. नावासकट तक्ता बैठकीत झळकवला की तो पुढची दोन वर्षं प्रत्येक गोष्टीला विरोध करणार. आकडे आधी त्याला एकट्याला दाखवावेत. 'माझे रुग्णच जास्त आजारी असतात', हे उत्तर ठरलेलं. ते खोटं समजू नये, तपासावं: रुग्णांची वयं, जुने आजार, आणि शेवटचे वीस घसादुखीचे केसपेपर दोघांनी शेजारी बसून. कधीकधी त्याचंच बरोबर निघतं.

आणि स्वतःची ओपीडी? ती पूर्ण सोडू नये. आठवड्यातून एक-दोन अर्धे दिवस ठेवावेत. त्याहून जास्त ठेवले की निर्णय खोळंबतात. गुंतागुंतीचे रुग्ण मात्र लेखी टिपण देऊन, शक्य तर एक भेट एकत्र करून, दुसऱ्याकडे सोपवावेत. उरलेल्या ओपीडीची नोंदणी सगळ्यांच्याच काउंटरवरून व्हावी. प्रमुखाच्या रुग्णांसाठी वेगळी चिठ्ठी, वेगळं दार असं सुरू झालं, की काउंटरवर काय बिघडलंय हे त्यालाच सगळ्यात शेवटी कळतं.