दुखणं आणि दाद

(पडद्यावर: मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल. नदीजवळची विटांची जुनी इमारत.)

ही इमारत १९४४ पासून रिव्हरसाइड हॉटेल म्हणून ओळखली जाते. त्याआधी इथे कृष्णवर्णीयांचं रुग्णालय होतं. सप्टेंबर १९३७ मध्ये हायवे ६१ वरच्या अपघातात जखमी झालेली गायिका बेसी स्मिथ हिने याच रुग्णालयात प्राण सोडला. पुढे ते बंद पडलं, खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, आणि तिथे येऊन राहिले ते ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखाच्या गाण्याचे, गावोगाव फिरणारे कलावंत.

आजारपणाशी ब्लूजची ओळख फार जुनी. १९२७ साली गायिका व्हिक्टोरिया स्पायव्हीने क्षयावरचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा क्षयावर औषधही नव्हतं. ब्लूजचं गाणं आजाराला दाराबाहेर थांबवत नाही. त्याला आत घेतं आणि तालात बसवतं.

कसं, ते बघू.

(गिटारवर संथ ठेका सुरू होतो.)

बारा बारचं, म्हणजे बारा सारख्या खंडांचं आवर्तन. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा. गंधार धड शुद्ध नाही, धड कोमल नाही. दोहोंच्या मधे कुठेतरी तो हलत राहतो. गायक एक ओळ म्हणतो. मग तीच ओळ पुन्हा म्हणतो. तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर येतं.

त्या दुसऱ्या वेळेकडे लक्ष द्या. आजारी माणसाने ‘खूप दुखतंय’ असं एकदा म्हटलं की आपण धीर देतो. दुसऱ्यांदा म्हटलं की विषय बदलतो. अगदी जवळची, जीव लावणारी माणसंही बदलतात, कारण त्यांनाही ते ऐकवत नाही. ब्लूजमध्ये मात्र तीच ओळ दुसऱ्यांदा म्हणायचीच असते, आणि दुसऱ्यांदा म्हणताना तिच्याखालचे स्वर बदललेले असतात. दुखणं तेच, पण आता ते एकटं नसतं.

घरी हेडफोन लावूनही हे ऐकता येतं. मग आजारी माणसाने प्रत्यक्ष मैफलीत जायचं कशासाठी? तेही अंगात त्राण नसताना?

आमच्या मते, याचं खरं कारण दाद. गंभीर आजारी माणूस दिवसभर घेणाराच असतो. औषध घ्यायचं, सुई टोचून घ्यायची, आधार घ्यायचा, लोकांची सहानुभूती घ्यायची. त्याच्याकडून कुणाला काही हवं असतं, असं क्वचितच घडतं. ब्लूजच्या मैफलीत गायक ओळ टाकतो आणि थांबतो. ती मोकळी जागा गिटारने भरायची असते, तशी समोर बसलेल्यांनीही. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. ती पडली नाही तर गायकाला जाणवतं, पडली तर तो पुढची ओळ अधिक मोकळेपणाने सोडतो. १९३६ साली जन्मलेले गिटारवादक बडी गाय तर गिटार वाजवत वाजवत मंचावरून उतरायचे आणि थेट श्रोत्यांत शिरायचे. हातभर अंतरावर तार थरथरते आहे, समोरचा घामाघूम झालेला वादक तुमच्याकडे बघतो आहे आणि त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. तुमच्या रक्ताचे रिपोर्ट काय आले, हे त्याला ठाऊक नाही.

मंचावरच्यांनाही हे देणं-घेणं आजारपणातच नव्याने कळलेलं दिसतं.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

ब्लूज गायक स्किप जेम्स. १९३१ मध्ये काही गाणी ध्वनिमुद्रित करून हा माणूस जवळजवळ विस्मृतीत गेला. १९६४ मध्ये काही तरुण चाहते शोधत शोधत त्याच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा तो मिसिसिपीत ट्युनिका इथल्या रुग्णालयात होता. त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो गायला. पुढे कर्करोगाच्या उपचारांसाठी वॉशिंग्टनच्या रुग्णालयात काढलेल्या दिवसांवरही त्याने गाणं रचलं. १९६९ मध्ये तो गेला. पण अखेरच्या या पाच वर्षांत त्याला श्रोते मिळाले होते.

कर्टिस साल्गाडो गातो आणि हार्मोनिका वाजवतो. २००६ मध्ये त्याला यकृताचा कर्करोग झाला आणि यकृताचं प्रत्यारोपण करावं लागलं. त्याच्याकडे आरोग्यविमा नव्हता. रॉबर्ट क्रे, ताज महाल (हे एका गायकाचं नाव) अशा कलावंतांनी पोर्टलंडमध्ये त्याच्यासाठी मोठा कार्यक्रम करून पैसे उभे केले. नंतर फुफ्फुसातही कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया झाली.

(हार्मोनिका धरलेले दोन हात, जवळून.)

इथे जरा थांबू या. ब्लूजची हार्मोनिका बरीचशी श्वास आत ओढून वाजते. स्वर वाकवायचा, रडवायचा, तर हवा आत घेतानाच जिभेने आणि घशाने तिला वळवावं लागतं. ज्याच्या फुफ्फुसावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्यासाठी असा प्रत्येक सूर म्हणजे छातीची कसोटी. साल्गाडो पुन्हा उभा राहिला आणि वाजवू लागला.

गिटारवादक वॉल्टर ट्राउटचं २०१४ मध्ये यकृताचं प्रत्यारोपण झालं. त्या आजारात बोलणं, चालणं गेलं होतं, गिटारही पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो मंचावर परतला.

गाण्याने गाठ विरघळत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. औषधाच्या जागी गाणं नाही. पण आजारी माणसाचा आख्खा दिवस आजारालाच का द्यायचा? त्यातले दोन तास आपले असू शकतात.

(शिकागो. मिलेनियम पार्कमधली गर्दी.)

शिकागोचा ब्लूज महोत्सव १९८४ पासून भरतो. तो उघड्यावर होतो आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतील, म्हणजे संसर्गाची भीती असेल, तर बंद तळघरातल्या क्लबपेक्षा असं मोकळं मैदान बरं. तरीही आधी डॉक्टरांना विचारा. सिस्प्लॅटिनसारख्या कर्करोगावरच्या औषधांचा कानांवर परिणाम होतो, म्हणून कानात बोळे घाला आणि स्पीकरपासून लांब बसा. खुर्ची कडेची धरा. थकवा आला तर गाणं चालू असतानाच उठून निघा, आणि पुढच्या वेळी पुन्हा या.