अंगठ्याचं काम आणि पुअर रोझीची लय

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते गिटार शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल. त्यातही दोन प्रकारच्या संगीताबद्दल, कारण ते कागदावर उतरवताना लिहिणाऱ्याचा खरा कस लागतो. एक ब्राझीलचं संगीत, म्हणजे सांबा हा तिथला नाचाचा ताल आणि त्यातून निघालेला बोसा नोव्हा. दुसरं अमेरिकेतली स्पिरिच्युअल्स, म्हणजे तिथे गुलामगिरीत राबवलेल्या कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं. मी गिटार शिकवतो आणि त्याची पुस्तकं लिहितो. माझं ठाम मत आहे, स्वर लिहिणं सोपं, लय लिहिणं अवघड. पुन्हा सांगतो, स्वर लिहिणं सोपं, लय लिहिणं अवघड.

ब्राझीलचं आधी उरकतो. तिथले गायक आणि गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांनी 1958 साली एकट्या गिटारवर सांब्याचा ताफाच्या ताफा बसवून दाखवला. अंगठ्याकडे सुर्दूचं काम, म्हणजे तिथल्या मोठ्या ढोलाचं. बोटांकडे तांबोरींचं, म्हणजे हातात धरायच्या छोट्या ढोलांचं. अंगठा मात्रेवर पडतो, बोटं मात्रेच्या आगेमागे. अंगठा मात्रेवर, बोटं आगेमागे. म्हणून पुस्तकात अंगठ्याच्या स्वरांच्या दांड्या, म्हणजे स्वरचिन्हांना जोडलेल्या उभ्या रेषा, खाली काढायच्या आणि बोटांच्या वर, की नजर टाकताच दोघांची वाट वेगळी दिसते. टॅब म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांनी सांगणारी लिपी; नुसत्या टॅबच्या आकड्यांत हा भेद पुसला जातो, त्यामुळे नुसत्या टॅबचं पुस्तक मी कुणालाच घ्यायला सांगत नाही. आणि हो, पुस्तक स्पायरल बाइंडिंगचंच हवं! गिटारवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पान ऐन तालात मिटतं. प्रकाशकांनी एवढं तरी मनावर घ्यावं.

आता स्पिरिच्युअल्सची ती गोष्ट, जी सांगायचा मला कधी कंटाळा येत नाही.

साल 1862. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेकडच्या राज्यांत यादवी युद्ध पेटलेलं. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची पोर्ट रॉयलची बेटं उत्तरेच्या आरमाराने आदल्या नोव्हेंबरातच घेतली होती. कापसाच्या मळ्यांचे मालक पळून गेले, गुलाम म्हणून राबणारी हजारो माणसं तिथेच राहिली. फिलाडेल्फियाहून वडिलांबरोबर एक मुलगी तिथे आली. लूसी मॅकिम. वय 19, पियानो शिकवणारी. कानावर पडणारी गाणी तिने स्वरलिपीत टिपायला घेतली.

त्यातलं एक गाणं 'पुअर रोझी'. होडीत वल्ही मारताना ते संथ, एकसारखं चालायचं. तेच गाणं मक्याच्या जात्यावर बसलेली पोरं म्हणायची, तेव्हा जात्याबरोबर पळायचं. आणि दिवसभराचं काम आटोपलं, संध्याकाळ झाली, की दूरच्या वस्तीवरून तेच गाणं अगदी विलंबित, व्याकूळ होऊन ऐकू यायचं. गाणं एकच, लयी तीन. होडीवर एक, जात्यावर दुसरी, संध्याकाळी तिसरी. आता सांगा, पानाच्या माथ्यावर लय कोणती लिहायची?

तिथेच एका घरात काम करणारी एक बाई लूसीशी बोलली. तिला 22 मुलं झाली होती आणि त्यातलं एकच जगलं होतं. ती म्हणाली, या पोरांचं काय ऐकता, ही नुसती घडाघडा म्हणून टाकतात, यांना म्हणता येत नाही. सगळ्या गाण्यांत मला पुअर रोझी आवडतं, पण मन काठोकाठ भरलेलं नसेल आणि जीव पोळलेला नसेल, तर ते गाताच येत नाही.

22 मुलांतलं एक, श्रोतेहो. हे ऐकल्यावर लयीचा आकडा लिहायला हात धजत नाही.

लूसीने त्याच वर्षी संगीताच्या एका नियतकालिकात लिहिलं, की गळ्यातून निघणारी ती वळणं, मध्येच कुठेही येऊन मिळणारे एकेक आवाज, हे स्वरलिपीत धरणं पाखरांचं गाणं लिहून काढण्याइतकंच अशक्य वाटतं. तरी तिने लिहिणं सोडलं नाही. 1867 मध्ये विल्यम ॲलन, चार्ल्स वेअर आणि लूसी, तिघांनी मिळून 136 गाण्यांचा संग्रह छापला. स्पिरिच्युअल्स गिटारवर बसवून देणारी पुस्तकं आज निघतात आणि प्रस्तावनेत तिचं नाव नसतं, हे मला मुळीच पटत नाही.

लूसीच्या त्या लेखनानंतर शंभर वर्षांनी, फेब्रुवारी 1962 मध्ये, वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात गिटारवादक चार्ली बर्ड आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांनी 'जॅझ सांबा' ही तबकडी मुद्रित केली आणि अमेरिकेला बोसा नोव्हाचं वेड लागलं. बर्ड आदल्या वर्षी दौऱ्यावर ब्राझीलला जाऊन आले होते. आधी कान, मग कागद.

मी माझ्या पुस्तकात 'पुअर रोझी' तीनदा छापतो आणि माथ्यावर लिहितो वल्हं, जातं, संध्याकाळ. पहिल्या दोन्हींना मेट्रोनोमचा, म्हणजे मिनिटाला किती ठोके याचा, आकडा देतो, तिसरीला देत नाही. सांब्याला मात्र आकडा द्यावाच लागतो, ढोल कुणासाठी थांबत नाही.

सांबा शिकणाऱ्यांनी या आठवड्यात एवढंच करा. ए मायनरची कॉर्ड धरा. अंगठा आधी पाचव्या तारेवर, मग सहाव्या. पहिला आघात हलका, दुसरा जड. हलका, जड. बोटं तारांना लावूच नका, ती पुढच्या आठवड्यात याच वेळी घेऊ. नमस्कार.