परकी काडी, घरची कातडी

(दृश्य: देवगड तालुका. जुलैचा पाऊस. पडवीत ओळीने मांडलेल्या काळ्या पिशव्या. ब्लेड धरलेले सुरकुतलेले हात.)

रायवळ आंब्याची बाठ रुजून पंधरवडा झालाय. पानं अजून तांबूस आहेत. हीच वेळ कोय कलमाची. रोपाचा शेंडा उडवायचा, दांड्याला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सालीला साल भिडली पाहिजे, बस्स. मुळं रायवळाची, फळ हापूसचं. दोघांचं नातं एवढंच, की दोघेही आंबे.

हे हात आबांचे. नाव नको म्हणाले, म्हणून आपणही आबाच म्हणू. वय ७३, त्यातली पन्नासेक वर्षं कलमं बांधण्यात गेली.

(दृश्य: आबांची डावी पोटरी.)

आबा बारा वर्षांचे असताना घरी भात उकडत होते. चुलीवरचा टोप कलंडला आणि उकळतं पाणी पोटरीवर आलं. जखम कशीबशी भरली, मागे ताणलेला, चकचकीत व्रण राहिला. साठ वर्षं त्याने काही कुरकुर केली नाही. मग एक चीर पडली. काटा लागला असेल, असं म्हणत आबा वर्षभर मलम चोळत राहिले. कडा जाड झाल्या, पाझर थांबेना. शेवटी तुकडा तपासला. निदान: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, त्वचेचा कॅन्सर.

जुन्या भाजल्याच्या व्रणात उगवणाऱ्या अशा जखमेला फ्रेंच शल्यवैद्य मार्जोलिन यांचं नाव आहे. आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर कमी, त्यामुळे संशयही उशिरा येतो. एवढंच लक्षात ठेवा: जुन्या व्रणावर नवी जखम झाली आणि ती काही आठवड्यांत भरली नाही, तर मलम बाजूला ठेवून तपासून घ्या.

शस्त्रक्रियेत गाठीभोवतीची सुमारे दोन सेंटिमीटर निरोगी दिसणारी कातडीही काढतात. कॅन्सर पसरलाय का हे बघायला जांघेतल्या गाठी आधी चाचपून पाहतात. मग उघड्या पोटरीवर मांडीची कातडी लावायची, मिलिमीटरच्याही अंशाएवढी पातळ.

इथे आबांनी डॉक्टरांना अडवलं.

"डॉक्टरांनू, आंब्याक दुसऱ्या झाडाची काडी चलता, मग माका झिलाची कातडी कशाक चलाची नाय?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण याच प्रश्नावर एक नोबेल मिळालेलं आहे.

(दृश्य: रेखाचित्र. तपकिरी उंदीर, पाठीवर पांढऱ्या केसांचा चौकोन.)

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावर ग्लासगोमध्ये भाजलेल्यांवर काम करत होते. एका भाजलेल्या बाईला तिच्याच कातडीचे आणि तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे लावले. तिचे टिकले. भावाचे आधी धरले, मग गळाले. पुन्हा लावले, तर आणखी लवकर गळाले. म्हणजे शरीराने परक्याला ओळखलं होतं आणि ती ओळख लक्षातही ठेवली होती.

झाडाला अशी रक्तातून फिरणारी पहारेकरी फौज नसते. माणसाला असते: टी पेशी. प्रत्येक पेशीवरच्या खुणा त्या तपासतात, आणि मुलाच्या निम्म्या खुणा आईकडून आलेल्या असतात, म्हणजे बापाला परक्याच.

मग १९५३ साली मेदावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरिणीच्या पोटातल्या पिल्लांना दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्यांतल्या काही उंदरांनी त्या वाणाची कातडी आपली म्हणून ठेवून घेतली. पहारेकऱ्यांची ओळखपरेड लहानपणीच झाली होती. १९६० साली मेदावर आणि ही कल्पना आधी मांडणारे बर्नेट यांना नोबेल मिळालं.

आबांचं लहानपण केव्हाच सरलं. गोळ्या देऊन पहारा ढिला करता येतो, मूत्रपिंड बसवलेले रुग्ण त्यावरच जगतात. पण त्याच गोळ्यांनी त्यांना त्वचेचा हाच कॅन्सर इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. म्हणजे आबांचा आजार काढायचा आणि तोच पुन्हा पेरायचा. स्वतःची मांडी असताना हा उद्योग कोण करील?

मला मात्र पुढची गोष्ट जास्त छळते. सख्ख्या मुलाची कातडी हाकलणारा हा पहारा वर्षभर पोटरीतल्या कॅन्सरकडे काणाडोळा करत होता. कारण कॅन्सर घरचाच, खुणा बहुतेक आपल्याच. वर तो पहारेकऱ्यांचे ब्रेक दाबायला शिकतो. ते ब्रेक सोडवणाऱ्या उपचारामागच्या शोधासाठी २०१८ साली अ‍ॅलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळालं. आपल्याच अंगावर चालून जाणाऱ्या टी पेशींना आवरणाऱ्या पेशींच्या शोधालाही २०२५ साली ते मिळालं.

(दृश्य: रुग्णालय. पट्टी सोडली जातेय.)

पहिले दोन दिवस लावलेली कातडी जखमेतला पाझर पिऊन तगते. मग खालच्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. पाचव्या दिवशी पट्टी उघडली. तुकडा गुलाबी दिसत होता. डॉक्टरांनी कडेला बोटाने हलकंच दाबून पाहिलं.

आबा कोपरांवर उठले, चष्मा सावरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"धरला मां?"