दात-ओठ खाण्याची किंमत

आत्ता या क्षणी तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? बघा, निम्म्या सभागृहाने जबडा सैल सोडला. मागच्या रांगा अजून विचारात आहेत.

गप्प बसलो की वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये 2 ते 4 मिलिमीटरची फट राहायला हवी. दात टेकतात ते चावताना आणि गिळताना. तो सगळा वेळ मिळून दिवसाकाठी जेमतेम 20 मिनिटं. बाकी वेळ दातांना सुट्टी. डोक्याला ताण असला की आपण ती रद्द करतो.

भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. रागाने दात-ओठ खातो, भीतीने दातखीळ बसते, तोंडाला कोरड पडते. पण पोर झोपेत दात खाऊ लागलं की घरोघरी एकच निदान: जंत! जंत असतील तर गोळी जरूर द्या, पण दात खाणं हा त्यांचा पुरावा नव्हे. पोर घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का, तेही बघा.

मोठ्यांचं उत्तरही ठरलेलं: ‘छे, मी दात खातच नाही.’ अहो, कराकरा आवाज झोपेतल्या घासण्याचा. दिवसा ईमेल वाचताना, गाडी चालवताना नुसते आवळलेले दात आवाज करत नाहीत, आणि ताणाशी जास्त नातं याच आवळण्याचं. खुणा आरशात दिसतात: गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे. सकाळी कानशिलं ठणकतात. दाढेला तडा गेला तर कळ चावताना, आणि खास करून चावा सोडताना येते. एक्स-रेत तडा बऱ्याचदा दिसतही नाही. आणि झिजलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, पुन्हा येत नाही, पेस्टची जाहिरात काहीही म्हणो.

उपाय फुकटचा आहे. ‘न’ म्हणा. जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, ओठ मिटा, दात सुटे ठेवा. आठवणीसाठी मोबाइलवर एक टिकली चिकटवा. रात्रीसाठी मापाचा कडक नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं आवरण. तो घासणं थांबवत नाही, झीज स्वतःवर घेतो. मऊ रबरी गार्ड काहीजण रात्रभर च्युइंगमसारखा चघळतात. कडक गार्ड गरम पाण्यात धुतलात तर वाकडा होईल, मग दातांवर बरोबर बसणार नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. कार्यक्रमपत्रिकेत तर माझ्या विषयात हिरड्याही छापल्यात! तर भराभर. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांच्या दोन दातांमधल्या हिरड्यांची टोकं कुजायची, रक्त आणि घाण वास यायचा. म्हणून नाव पडलं ‘ट्रेंच माउथ’. ताण, जागरण, सिगारेट, अपुरं खाणं आणि ब्रश नाही. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासिकेत यातलं काय कमी असतं? लांबलेल्या ताणात प्रतिकारशक्तीचा तोल जातो, हिरड्यांची सूज वाढते. त्यात ब्रश टळतो, मशेरी-तंबाखू वाढते. ताणात लाळ कमी आणि चिकट होते. वर दर तासाला गोड चहा. प्रत्येक कपानंतर साधारण अर्धा तास दातांवर आम्ल. चहा एकदाच संपवा, वर पाण्याने चूळ भरा.

आणि तोंड येणं. ताणाने उठणारे छोटे फोड 7 ते 14 दिवसांत भरून येतात. दोन आठवड्यांनंतरही टिकलेली जखम, दुखत नसली तरी, ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी ठेवू नका. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तर पंधराव्या दिवशी दाखवायलाच यायचं.