मीटरभर नळी आणि दुपारची सावली

नमस्कार श्रोतेहो. दहावीच्या त्रिकोणमितीत झाडाच्या सावलीचं उदाहरण हमखास असतं. सावली इतकी, सूर्यकिरणांचा कोन इतका, तर झाडाची उंची किती? मुलं सूत्र घालतात, उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि पुढच्या उदाहरणाला लागतात. ती सावली मोजली कशी, मोजताना चूक किती झाली असेल, हे कोणी विचारत नाही. आकडे आयते मिळतात, म्हणून गणित वहीत राहतं आणि विज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटात. खरं तर हे दोन्ही विषय शाळेच्या अंगणात एकाच नळीने शिकता येतात.

ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी नळीचा मीटरभराहून थोडा मोठा तुकडा घ्या. माती भरलेल्या डब्यात तो घट्ट रोवा, टोक जमिनीपासून मीटरभर उंच राहील असा. दिवस निवडा 22 डिसेंबरचा. आभाळ बहुधा स्वच्छ असतं आणि त्या दिवशी खान्देशात एक सुंदर गोष्ट घडते: भर दुपारी सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढीच पडते. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या 23.4 अंश दक्षिणेला असतो. बेरीज 44.4 अंश, म्हणजे भर दुपारी सूर्य डोक्यावरून इतका ढळलेला असतो. टॅन 44.4 म्हणजे 0.98. मीटरला 98 सेंटिमीटर. नंदुरबारला 99 च्या वर, चाळीसगावला 96. टॅन 45 बरोबर एक हे पाठ करणाऱ्या मुलाला ते त्या दुपारी जमिनीवर दिसतं.

आता चुका कुठे होतात ते बघू, कारण खरं शिक्षण तिथेच आहे. पहिली चूक घड्याळाची. "बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो" असं आपण म्हणतो, पण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आहे आणि जळगाव 75.5 च्या आसपास. फरक सात अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे 28 मिनिटं. शिवाय वर्षभरात यात पाव तासापर्यंत मागेपुढे होतं. डिसेंबर अखेरीस जळगावची खरी दुपार साडेबाराच्या जरा अलीकडे होते. सावली सर्वांत छोटी कधी होते ते बघून ही वेळ काढायला गेलात तर फसाल. त्या सुमारास दहा मिनिटांत सावली जेमतेम दोन मिलिमीटर बदलते. लांबीसाठी ते सोयीचं आहे, वेळेसाठी नाही.

वेळ आणि दिशा हवी असेल तर बुडाभोवती 120 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी पावणेअकरानंतर सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना शिवतं, दुपारी दोनच्या सुमारास बाहेर जाताना. दोन्ही खुणा करा, त्यांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढा. तो वर्तुळाच्या केंद्रातूनच गेला पाहिजे आणि तीच तुमची उत्तर-दक्षिण रेषा. कंपास आणि पट्टीने वहीत काढलेला लंबदुभाजक इथे पहिल्यांदा कामाला येतो. दोन्ही खुणांच्या वेळा टिपल्या असतील, तर त्यांच्या मधली वेळ म्हणजे खरी दुपार.

दुसरी चूक जमिनीची. घराच्या धाब्यावर प्रयोग करू नका, पाणी वाहून जावं म्हणून तिथे उतार ठेवलेलाच असतो. उत्तरेकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार असला की सावली एक सेंटिमीटर लांबते. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी मागून ओटा तपासा. आपली उभी नळी एक अंश कलली तरी तिचं टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकतं.

तिसरी चूक सगळ्यांत शिकवणारी. सावलीचं टोक पुसट दिसतं, कारण सूर्य ठिपका नाही, अर्धा अंश रुंद चकती आहे. त्या दुपारी हा पुसट पट्टा जवळपास दोन सेंटिमीटर असतो. एक मूल 97 म्हणतं, दुसरं 99, आणि दोघंही प्रामाणिक असतात. उपाय सोपा आहे. नळीच्या टोकाला पुठ्ठा लावा, त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि पुठ्ठा सूर्याकडे कलता ठेवा. पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा लंबगोल दिसेल. ती सूर्याची प्रतिमा. तिच्या मध्यावर खूण करा. भोकातून ओळंबा सोडा, उंची भोकापर्यंतच मोजा आणि अंतर ओळंब्याच्या टोकापासून धरा. मग नळी थोडी कलली असली तरी बिघडत नाही. सूर्याकडे मात्र कोणी थेट बघायचं नाही, त्याची गरजही नाही.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या लीलावतीत छायाव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे आणि चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या परंपरेतला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, बारा अंगुळांचा. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, त्याची दुपारची सावली म्हणजे पलभा. जळगावची पलभा साडेचार अंगुळांहून थोडी जास्त. मुलांना मार्चमध्ये ती काढायला लावा.

मेच्या शेवटच्या दहा दिवसांत भर दुपारी सावली नाहीशी होते: आधी चाळीसगावला, 25 मेच्या आसपास जळगावला, नंतर नंदुरबारला. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. पुष्कळ मोठ्या माणसांनाही हे ठाऊक नसतं.

पृथ्वीचा घेर काढायचा असेल तर चाळीसगाव-नंदुरबार जोडी घेऊ नका. अक्षांशांत फरक जेमतेम 0.9 अंश, आणि अर्ध्या सेंटिमीटरच्या चुकीने कोन 0.15 अंशाने चुकतो. कोल्हापूरच्या शाळेशी फोनवर ठरवा. त्यांना 84.2 सेंटिमीटर येईल, म्हणजे 40.1 अंश. जळगावच्या 44.4 शी फरक 4.3. नकाशावर फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोजा, रस्त्याचे किलोमीटर चालणार नाहीत. ते सुमारे 475 भरतं. 360 भागिले 4.3, गुणिले 475, म्हणजे 40 हजारांच्या अगदी जवळ. 22 डिसेंबरला ढग आलेच तर दुसरा दिवस धरा. दोन्ही शाळांचा दिवस एकच असला की पुरे, कारण वजाबाकीत सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशांतलं अंतर, निघून जाते.