ईयोबाचे मित्र कुठे चुकले

मित्रहो, "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!" हे वाक्य मराठी ख्रिस्ती घरांत दफनविधीच्या वेळी आपण ऐकतो. ते ईयोबाचे आहे, बायबलच्या जुन्या करारातल्या त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले, २१वे वचन. पुस्तकाचे अध्याय आहेत ४२. पण बहुतेकांचा ईयोब या एका वचनापाशीच थांबतो. सोसणारा, तोंडातून चकार शब्द न काढणारा ईयोब. नव्या करारात याकोबाच्या पत्रातही त्याच्या धीराचीच आठवण काढली आहे. मूळ पुस्तक उघडले की मात्र तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच हा माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि तिथून ३१व्या अध्यायापर्यंत तो काही गप्प बसत नाही. देवाच्या शहाणपणावर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या मधल्या अध्यायांतून जायला हवे. त्या एका वचनावरून थेट शेवटच्या पानावर उडी मारणाऱ्याला हे पुस्तक भेटतच नाही.

आधी हकिकत. ऊस नावाच्या देशातला हा माणूस. ७ मुलगे, ३ मुली. ७,००० मेंढरे, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी. एका दिवसात चार निरोपे एकामागून एक येतात. शबाई लोकांनी बैल आणि गाढवी नेल्या, आकाशातून पडलेल्या अग्नीने मेंढरे जाळली, खास्दी लोकांनी उंट लुटले, आणि शेवटी, वादळाने घर कोसळून दहाही मुले गेली. नंतर तळपायापासून डोक्यापर्यंत गळवे. खापरीच्या तुकड्याने अंग खाजवत तो राखेत बसतो.

हे सारे का घडले, ते वाचकाला ठाऊक आहे. स्वर्गातल्या दरबारात सैतानाने एक प्रश्न टाकला होता: ईयोब काय फुकट देवाचे भय धरतो? इथला हिब्रू शब्द आहे 'हिन्नाम'. फुकट, विनामोबदला, विनाकारण, असे तिन्ही अर्थ त्यात येतात. आपल्याकडच्या भाषेत विचारायचे तर, निष्काम भक्ती खरोखर असते का? सगळी भक्ती शेवटी सकामच ना? दुसऱ्या अध्यायात देव सैतानाला म्हणतो की तू मला याच्याविरुद्ध चिथावलेस, 'हिन्नाम', विनाकारण. शब्द तोच. म्हणजे या दुःखाला ईयोबाच्या वागण्यात कारण नाही, हे खुद्द देवाच्या तोंडून पुस्तकाने सुरुवातीलाच नोंदवून ठेवले आहे.

ईयोबाला मात्र यातले काहीच कळत नाही. दुसऱ्या अध्यायानंतर सैतान पुन्हा येत नाही, आणि शेवटी देव स्वतः बोलतो तेव्हाही त्या दरबाराचा उल्लेख करत नाही. ईयोबाला 'का' कळले नाही ते नाहीच. या पुस्तकातला विश्वास उत्तर मिळाल्यानंतरचा नाही, हे पक्के धरून पुढे जाऊ.

आता मित्र. एलीफज तेमानी, बिल्दद शूही आणि सोफर नामाथी. सांत्वन करायला ते आपापल्या गावाहून ठरवून येतात. लांबून त्याला पाहतात तर ओळखूच येत नाही. ते मोठ्याने रडतात, झगे फाडतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसते. तोपर्यंत त्यांचे काहीही चुकलेले नाही. यहुदी परंपरेने इथूनच नियम काढला: शोक करणारा आधी बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने तोंड उघडू नये. आधाराला हेच वचन, कारण तिसऱ्या अध्यायात पहिला बोलतो तो ईयोब.

चूक आठव्या दिवशी सुरू होते, आणि ती टप्प्याटप्प्याने वाढत जाते. एलीफज सौम्यपणे सुरुवात करतो: तू कितीजणांना धीर दिलास, आता तुझ्यावर वेळ आली तर खचतोस? लगेच पुढे विचारतो, निरपराध माणूस कधी नाश पावला आहे का, आठवून बघ. आठव्या अध्यायात बिल्दद याच्याही पुढे जातो: तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्या पापाच्या हवाली केले. दहा लेकरे गमावलेल्या बापासमोर हे वाक्य! अकराव्या अध्यायात सोफर म्हणतो, तुझा अपराध पाहता देवाने तुला कमीच शिक्षा केली आहे. आणि २२व्या अध्यायापर्यंत त्याच सौम्य एलीफजाकडे आरोपांची यादी तयार झालेली असते. तू भाऊबंदांकडून उगाच गहाण घेतलेस, उघड्यांची वस्त्रे काढून घेतलीस, तहानलेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने घालवलेस. यातले काहीही त्याने पाहिलेले नाही. सिद्धान्त वाचवायचा म्हणून माणसाची बदनामी करावी लागली.

हा सिद्धान्त कुठे फसतो? पेराल ते उगवेल, हे खरे धरू. पापातून दुःख येते, हेही धरू. पण म्हणून दुःख दिसले की मागे पाप असलेच पाहिजे, असे म्हणता येत नाही. न्यायशास्त्र, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्र, शिकणाऱ्या पोराला ही गोष्ट पहिल्या काही धड्यांत शिकवतात. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे कायमची सोबत, बरोबर. जिथे अग्नी तिथे धूर, ही चुकीची, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. मित्रांनी व्याप्ती उलटी वापरली, आणि तीही राखेत बसलेल्या माणसावर. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणूस पाहून शिष्य हाच उलटा प्रश्न विचारतात: पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि त्यांनीही नाही.

आपल्याकडेही समाचाराला गेलेली माणसे हेच बोलतात, फक्त शब्द बदलतात. मागच्या जन्मीचे भोग. काहीतरी राहिले असेल कुळाचाराचे. चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात. आधीच दाखवायला हवे होते हो. वाईट हेतूने कोणी बोलत नाही. एलीफजही वाईट हेतूने आला नव्हता. बोलणाऱ्याला स्वतःची भीती वाटत असते. कारण सापडले की ते आपल्याला लागू नाही असे म्हणता येते, आणि आपल्या घरावर हे येणार नाही अशी खात्री करून घेता येते. ईयोब सहाव्या अध्यायात त्यांना हेच सुनावतो: तुम्ही माझी दशा पाहिलीत आणि घाबरलात.

इथे नम्रतेचा प्रश्न येतो. मित्रांची भाषा ऐकली तर तीच नम्र वाटते. देव थोर, माणूस कीटक, देवापुढे कोण शुद्ध! ईयोबाची भाषा उद्धट वाटते. तो पंच मागतो, दावा लावतो, ३१व्या अध्यायात एकेक पाप नाव घेऊन नाकारतो आणि शेवटी म्हणतो, ही माझी 'ताव', आता सर्वसमर्थाने उत्तर द्यावे. ताव हे हिब्रू वर्णमालेतले शेवटचे अक्षर. सहीची निशाणी म्हणून ते इथे आले आहे. आणि तरीही शेवटच्या अध्यायात देवाचा राग मित्रांवर निघतो: माझा सेवक ईयोब जसे नीट बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत.

हे कसे? मित्रांची सगळी भाषणे चाळून पाहा. ते देवाविषयी अखंड बोलतात, पण एकदाही देवाशी बोलत नाहीत. मित्रासाठी एक ओळीची प्रार्थनासुद्धा नाही. ईयोब मात्र बोलता बोलता त्यांच्याकडे पाठ फिरवतो आणि 'तू' म्हणून देवाकडे वळतो. ७व्या, १०व्या, १३व्या, ३०व्या अध्यायांत. तू माझ्यावर नजर का रोखलीस? तू तोंड का लपवतोस? देवाच्या त्या निर्णयात 'माझ्याविषयी' असा जो अर्थ आपण वाचतो, तिथे हिब्रूत 'एलाय' आहे, आणि त्याचा साधा अर्थ 'माझ्याकडे, माझ्याशी' असाच होतो. दोन्ही अर्थ ठेवले तरी काही बिघडत नाही. देवाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, असे गृहीत धरून त्याचे वकीलपत्र घेणे हा मित्रांचा अहंकार होता. ईयोब आपले अज्ञान कबूल करतो आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्याच दाराशी भांडत उभा राहतो. मला तरी नम्रता इथेच दिसते.

एक जागा जवळून बघण्यासारखी आहे. १३व्या अध्यायातले १५वे वचन. 'त्याने मला ठार मारले तरी' असे सुरू होते, आणि पुढचा शब्द कानाला 'लो' ऐकू येतो. लिखित पाठात तो लामेद-आलेफ या हिब्रू अक्षरांनी लिहिला आहे, अर्थ 'नाही': मला आशा नाही. वाचताना परंपरेने तो लामेद-वाव धरला, अर्थ 'त्याची': तरी मी त्याचीच आशा धरीन. उच्चार एकच. शास्त्र्यांनी लिखित अक्षर खोडले नाही आणि वाचायचा पाठ समासात नोंदवला. दुःखातल्या माणसाचा विश्वास अनेकदा असाच असतो. लिहिलेले एक, उच्चारलेले दुसरे, आणि दोन्ही खरे.

आपल्या तुकोबांकडे पाहा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळाविषयी ते लिहितात, "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". आणि दुसऱ्या अभंगात, "बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली". हे 'बरें जालें' कोणी कोणाला म्हटले आहे? तुकोबांनी, स्वतःच्या दुःखाविषयी, थेट 'देवा' अशी हाक मारून. देहूतला एखादा शेजारी त्यांच्या ओट्यावर बसून हेच म्हणाला असता, तर तो बिल्दद ठरला असता. शब्द तेच, पण ते म्हणण्याचा अधिकार ज्याचे घर जळाले त्यालाच.

आता देवाचे उत्तर, ३८ ते ४१ अध्याय. अनेकांची इथे निराशा होते, कारण हे सगळे प्रश्नच आहेत. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? कोणी म्हणतात, ही नुसती दमदाटी आहे. पण प्रश्न कशाकशाविषयी आहेत ते मोजून बघा. सिंहीण, कावळा, रानबकरी, रानगाढव, रानबैल, शहामृग, घोडा, ससाणा, गरुड. एक घोडा सोडला तर माणसाच्या उपयोगाचे कोणी नाही. जिथे कोणी राहत नाही त्या रानावर पाऊस कोण पाडतो, असे देव विचारतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पाऊस वाया गेलेला. कड्यावरच्या रानबकरीचे महिने कधी भरतात, तुला ठाऊक आहे का? कावळ्याची पिल्ले भुकेने ओरडतात, त्यांचे कोण बघतो? मित्रांच्या जगात सगळे माणसाभोवती फिरत होते, त्याच्या पापपुण्याच्या खातेवहीभोवती. देव ती वही उघडतच नाही. तो ईयोबाला एक अफाट जग दाखवतो, ज्याची काळजी माणसाच्या नकळत चाललेली आहे. तू पापी आहेस, असेही तो एकदासुद्धा म्हणत नाही.

मग ईयोब म्हणतो: तुझ्याविषयी मी कानांनी ऐकले होते, आता डोळ्यांनी तुला पाहतो. त्यापुढचे वचन अवघड आहे. 'धूळ आणि राखेत पश्चात्ताप करतो' असे भाषांतर प्रचलित आहे. तिथले क्रियापद 'नाहम' या धातूचे, आणि त्या धातूचा दुसरा अर्थ सांत्वन पावणे. दुसऱ्या अध्यायात मित्र जे करायला आले ते 'नाहम'. १६व्या अध्यायात ईयोब त्यांना 'कष्ट देणारे सांत्वक' म्हणतो, तिथेही तोच धातू. तेव्हा 'धूळ आणि राख असण्याविषयी मी सांत्वन पावलो' असेही वाचता येते. मला हे वाचन अधिक पटते, कारण ज्या पापांचा पश्चात्ताप करावा ती पापे पुस्तकात कुठेच नाहीत.

या पुस्तकाला मराठीत आणणाऱ्यांपैकी एक पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

राहिले समाचाराला जाण्याचे. ईयोबाच्या पुस्तकातून जे निघते ते असे. जाऊन खाली बसा. पहिले वाक्य घरच्यांना बोलू द्या. कसे झाले, कधी झाले, कोणत्या डॉक्टरकडे नेले होते, हे खोदून विचारू नका. त्या प्रश्नातच अर्धा आरोप असतो. देवाच्या वतीने काही सांगू नका. घरचा माणूस देवावर चिडला तर त्याला गप्प करू नका आणि देवाची बाजू घेऊ नका, देव ती स्वतः घेतो. प्रार्थना करायची तर त्याच्यासाठी करा. त्याला ऐकवायचा उपदेश प्रार्थनेत घालू नका. चूल पेटलेली नसते, म्हणून पिठलं-भात घेऊन जा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, तो फॉर्म भरायला सोबत जा. आणि महिन्याने पुन्हा जा, कारण तेराव्यानंतर अंगण एकदम रिकामे होते.

शेवटच्या अध्यायात मित्रांना ७ बैल आणि ७ मेंढे घेऊन ईयोबाकडेच जावे लागते, आणि तो त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. त्याची मालमत्ता दुप्पट होते. १४,००० मेंढरे, ६,००० उंट. मुले मात्र पुन्हा ७ आणि ३ होतात, १४ आणि ६ नाही. आधीची दहा परत येत नाहीत, आणि आली असे पुस्तक कुठे भासवत नाही. त्याचे भाऊबहीण आणि जुने ओळखीचे लोक घरी येतात, त्याच्याबरोबर जेवतात, प्रत्येकजण एक नाणे आणि एक सोन्याची बाळी देतो, आणि ते त्याचे सांत्वन करतात. क्रियापद पुन्हा 'नाहम'. मित्रांच्या भाषणांना कवीने अध्यायच्या अध्याय दिले होते. हे लोक काय बोलले, ते त्याने लिहिलेले नाही.