पाच हजार गुरांचं उत्तर

नमस्कार श्रोतेहो.

आज एका गुराख्याविषयी बोलायचंय. हा गुराखी अमेरिकेतला, पार उत्तरेकडच्या मोंटाना राज्यातला. नाव चार्ल्स मॅरियन रसेल. माळावरच्या सोबत्यांचा मात्र तो चार्लीच. दहा-अकरा वर्षं त्यानं लोकांची गुरं राखली आणि पुढे हयातभर चित्रं काढली. तैलरंगातली, जलरंगातली, शिवाय मेणाच्या आणि ब्राँझच्या मूर्ती, असं सगळं धरून साधारण चार हजार कामं त्याच्या हातून झाली. आणि कलाशाळेत म्हणाल, तर घरच्यांनी एकदा घातलं होतं. तिथं तो काही दिवससुद्धा धड टिकला नाही.

जन्म 1864 चा, सेंट लुईस शहरातला. घर खाऊनपिऊन सुखी. पोराचं शाळेत लक्ष नाही. सगळ्या वह्या घोड्यांनी आणि इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी, योद्ध्यांनी भरलेल्या. घरच्यांनी लष्करी शिस्तीच्या शाळेत घालून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी 1880 साली वडिलांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याला मोंटानाला धाडलं. चार महिने हाल सोसेल आणि मुकाट्यानं परत येईल, असा त्यांचा हिशेब. चार्ली तेव्हा सोळा वर्षांचा. तो तिथलाच झाला.

पहिलं काम मिळालं मेंढ्या राखायचं, आणि ते त्याला जमलं नाही. काउबॉय लोक मेंढपाळाला फार हलकं समजायचे, त्याच्याबरोबर उठायबसायलासुद्धा नाखूश असायचे. मला ही वृत्ती अजिबात मान्य नाही. घोड्यावर बसून दोर फेकणाऱ्याचा रुबाब सगळ्यांना दिसतो. पायी चालत, कोकरू काखेत घेऊन रात्र काढणाऱ्याची चित्रं कोणी काढत नाही. असो.

मेंढ्यांचं काम सुटलं, तेव्हा जेक हूवर नावाच्या शिकाऱ्यानं त्याला आसरा दिला. हूवर हरणं आणि एल्क नावाची मोठी हरणं मारून मांस विकायचा. चार्ली त्याच्याजवळ सुमारे दोन वर्षं राहिला. जनावर सोलताना कातड्याखाली काय असतं, कुठला स्नायू कुठं चिकटलेला असतो, कुठलं हाड कुठं वर येतं, हे त्यानं तिथं पाहिलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, श्रोतेहो, पुढे लागणार आहे.

1882 मध्ये त्याला गुरांच्या तांड्यावर काम मिळालं. काम रात्रीचं. सगळे झोपले की घोडे आणि गुरं सांभाळायची. दिवसा इतर काउबॉय दोर फेकणार, घोड्यांना पाणी दाखवणार, गुरांना डागण्या देणार, आणि चार्ली मोकळा. तो बसून बघायचा आणि काढायचा. रात्री राखण, दिवसा चित्रं. पुन्हा सांगतो, रात्री राखण आणि दिवसा चित्रं. हीच त्याची कलाशाळा, आणि ती चांगली दहा-अकरा वर्षं चालली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायला मिळावी म्हणूनच खरं तर मी हा विषय घेतला.

साल 1886. त्या उन्हाळ्यात मोंटानात पाऊस पडला नाही. गवत करपून गेलं. त्यातच माळाला पेलवणार नाहीत इतकी गुरं. टेक्सासकडून कळपच्या कळप हाकत आणलेले. पैसा कुणाचा अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांतला, कुणाचा थेट इंग्लंडमधला. आणि हिवाळ्यासाठी साठवलेला चारा? नाही. निवाऱ्याला गोठा? नाही. गुरांनी उघड्या माळावर बर्फातून डोकावणारं गवत खायचं आणि वसंतापर्यंत तगायचं, ही तिकडची रीत. आपल्याकडे दारात एक बैलजोडी असलेला शेतकरीसुद्धा कडब्याची गंजी रचल्याशिवाय स्वस्थ झोपत नाही. पाच-पाच हजार गुरं बाळगणाऱ्यांना ती रचावीशी वाटली नाही, याला मी धंदा म्हणायला तयार नाही. मुक्या जिवांवर खेळलेला जुगार होता तो.

नोव्हेंबरात बर्फ सुरू झाला. जानेवारीत तर थंडीनं कहर केला. मध्येच बर्फ थोडा वितळला आणि लगेच पुन्हा गोठला, त्यामुळे वर कडक थर धरला. गुराचा पाय त्या थरातून आत गेला की कडांनी कातडं कापलं जायचं. गवत होतं खाली, पण तोंड पोचत नव्हतं. गुरं अन्नासाठी माणसांच्या वस्त्यांपर्यंत येऊ लागली आणि मरून पडू लागली. माणसांची सगळी आशा एकाच गोष्टीवर होती, चिनूकवर. रॉकी पर्वत उतरून येणारा हा कोरडा, उबदार वारा. तो सुटला की बघता बघता बर्फ नाहीसा होतो. चिनूक आला तर गुरं वाचणार. आणि चिनूक काही येईना.

चार्ली तेव्हा बावीस वर्षांचा. जुडिथ बेसिन खोऱ्यातल्या ओएच रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या मळ्यावर, त्यानं तो हिवाळा काढला. तिथं जेसी फेल्प्सच्या ताब्यात पाच हजारांचा कळप होता. मालकांपैकी एकजण, लुई कॉफमन, दूर हेलेना शहरात. त्याचं पत्र आलं. विचारणा साधीच: आपल्या गुरांचं कसं काय आहे?

फेल्प्स उत्तर लिहायला बसला. आता काय लिहायचं? ज्यांची गुरं त्यांना ती गेली हे कोणत्या शब्दांत कळवायचं? चार्ली शेजारीच होता. त्यानं पोस्टकार्डाएवढा एक तुकडा घेतला, जलरंग घेतले आणि पत्रासोबत पाठवायला म्हणून एक चित्र काढलं.

काय काढलं त्यानं? मेलेल्या गुरांचे ढीग? नाही. आक्रोश करणारी माणसं? तीही नाहीत. एक बैल काढला. एकच. बर्फात उभा. मान खाली गेलेली, पाठ वर आलेली, पोट आत ओढलेलं, माकडहाडाजवळचं हाड कातड्यातून बाहेर येऊ बघतंय. वर करडं आभाळ. आणि जरा अंतरावर लांडगे. धावून येत नाहीयेत, नुसते थांबलेत. घाई कशाला करतील? बैल पळणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. चित्राला नाव दिलं, चिनूकची वाट पाहताना.

फेल्प्सनं ते पाहिलं आणि पत्राची आता गरजच नाही असं म्हणाला, असं सांगतात. चित्रच हेलेनाला गेलं. पाच हजार गुरांचं उत्तर ते एवढंसं.

कॉफमननं ते स्नेह्यांना दाखवलं, व्यापाऱ्यांना दाखवलं. पुढे ते हेलेनातल्या एका दुकानाच्या काचेत लागलं. ज्यांची स्वतःची गुरं त्याच हिवाळ्यात गेली होती ती माणसं त्या काचेपुढे उभी राहिली असतील, हे मनात आलं की माझ्या अंगावर काटा येतो. पुढे लोक त्या चित्राला ‘पाच हजारांतला शेवटचा’ असंही म्हणू लागले. चार्लीला चित्रांची कामं यायला लागली ती त्यानंतर.

मला विचाराल, तर त्या बैलाची पाठ कलाशाळेत शिकवता आलीच नसती. हूवरजवळ सोललेली जनावरं त्या पाठीत आहेत, रात्रीची राखण त्या पाठीत आहे. उपाशी जनावर कसं उभं राहतं हे त्यानं पाहिलं होतं, म्हणून ते काढता आलं.

त्या हिवाळ्यानं मोंटानाचा माळ बदलला. पुष्कळ रँचवर निम्म्याहून अधिक गुरं गेली. शहाण्या लोकांनी गवत कापून साठवायला सुरुवात केली, काटेरी तारा ओढल्या आणि मोकळ्या माळावर गुरं सोडून देण्याचा काळ संपत गेला. चार्लीला आयुष्यभर ओढ राहिली ती याच संपलेल्या काळाची.

पुढचं थोडक्यात. 1888 मध्ये तो कॅनडात ब्लड नावाच्या इंडियन जमातीच्या लोकांच्या सहवासात काही महिने राहिला, आणि तिथून त्याच्या चित्रांतले इंडियन लोक कुणाच्या तरी गोष्टीतले खलनायक राहिले नाहीत, ते आपापल्या घरची माणसं झाले. चिपेवा आणि क्री या भूमिहीन इंडियन लोकांना जमीन मिळावी म्हणूनही त्यानं आपला शब्द खर्ची घातला. 1916 मध्ये त्यांना रॉकी बॉय ही राखीव भूमी मिळाली.

1893 च्या सुमारास त्यानं गुरं राखायचं काम सोडलं. 1896 मध्ये नॅन्सी कूपरशी लग्न झालं. ती अठरा वर्षांची, तो बत्तीसचा. चार्ली दारूच्या गुत्त्यात मित्रांना चित्रं देऊन टाकणारा माणूस. नॅन्सीनं किंमती ठरवल्या, गिऱ्हाइकं आणली, 1911 मध्ये न्यूयॉर्कला आणि 1914 मध्ये लंडनला प्रदर्शनं भरवली. तिला हिशेबी म्हणून नावं ठेवणारे भेटतात. मी म्हणतो, ती नसती तर आपल्यापर्यंत चार्ली पोचलाच नसता.

त्याची चित्रं कॅलेंडरांवर छापली गेली, म्हणून काही जाणकार नाक मुरडतात. मला याचा राग येतो. रविवर्म्याच्या छापील चित्रांनी आणि मुळगावकरांच्या कॅलेंडरांनी आपल्या भिंतींवर रंग आणले. चित्र स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलं जातं, हा चित्राचा मानच आहे.

ऑक्टोबर 1926 मध्ये ग्रेट फॉल्स गावी चार्ली गेला. त्याची अंत्ययात्रा घोड्यांच्या गाडीतून निघाली, आणि ती पाहता यावी म्हणून गावातल्या शाळा सोडल्या होत्या.

अमेरिकेत राहणारे आपले पुष्कळ लोक यलोस्टोन बघायला जातात. तिथून उत्तरेला एक दिवस अधिक काढा. ग्रेट फॉल्सला त्याचं घर आहे आणि शेजारी 1903 मध्ये टेलिफोनच्या खांबांचे ओंडके रचून बांधलेली चित्रशाळा आहे. वाटेत हेलेनाला राज्याच्या विधानभवनात, सभापतींच्या आसनामागच्या भिंतीवर, 1912 चं पंचवीस फूट लांब आणि बारा फूट उंच चित्र आहे. लुईस आणि क्लार्क हे गोरे प्रवासी सॅलिश या इंडियन जमातीच्या लोकांना भेटले तो प्रसंग. जवळ गेलात की आधी त्या दोघांना शोधा. ते उजवीकडे, मागे, लहान दिसतील. मधली सगळी जागा सॅलिश घोडेस्वारांची आहे, आणि घोड्यांच्या टापांखालचं गवत इतकं नीट काढलंय की थोडा वेळ नुसतं तेच बघत राहा.

नमस्कार.